विदर्भातील शिळावर्तुळे पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर, वर्धा, चंद्रपूर आणि भंडारा जिल्ह्यांतल्या माळांवर लोहयुगातली शेकडो दगडी वर्तुळे आहेत. तिकीट नाही, गाइड नाही, बहुतेक ठिकाणी पाटीही नाही. त्यामुळे जायच्या आधी लोक काय काय विचारतात आणि जाऊन आल्यावर काय विचारतात, ते इथे एकत्र केले आहे.

शिळावर्तुळ म्हणजे नेमके काय?

मोठे दगड गोलाकार मांडून केलेले मृताचे स्मारक. विदर्भातली पद्धत साधारण अशी: मृताचे अवशेष आणि त्याच्यासोबत द्यायच्या वस्तू उथळ खड्ड्यात किंवा थेट जमिनीवर ठेवायच्या, त्यावर चिकट काळी माती भरायची, वर गोटे आणि मुरमाचा थर द्यायचा आणि या सगळ्याभोवती दगडांचे कडे करायचे. व्यास पाच-सात मीटरपासून वीस-पंचवीस मीटरपर्यंत असू शकतो. कुठे एकात एक अशी दोन कडीही दिसतात. दक्षिण भारतात आढळणारी दगडी फरश्यांची पेटी विदर्भातल्या वर्तुळांत सहसा नसते. दगड बहुतेक ठिकाणी जवळपासचाच काळा बेसाल्ट.

ही वर्तुळे ज्या संस्कृतीची, तिच्या ‘महापाषाण संस्कृती’ या नावामुळे दगड अवाढव्यच असतील असे वाटते. प्रत्यक्षात बरेच दगड गुडघ्याच्या उंचीचे असतात आणि अर्धे मातीत गाडलेले असतात.

म्हणजे स्टोनहेंजसारखे काही दिसणार नाही?

नाही. ही अपेक्षा घरीच ठेवून निघा, नाहीतर पहिल्या दहा मिनिटांत निराश व्हाल. स्टोनहेंजचे मोठे उभे दगड आणि त्यावरच्या आडव्या शिळा इ.स.पू. 2500 च्या सुमारास बसवल्या गेल्या, म्हणजे विदर्भातल्या वर्तुळांच्या दीड हजार वर्षे आधी. शिवाय दगड घडवून, खाचा पाडून एकमेकांत अडकवण्याचे असले काम ब्रिटनमधल्या इतर शिळावर्तुळांतही सापडत नाही. स्टोनहेंज हा तिथलाच अपवाद आहे.

तुलना करायचीच तर पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल आणि गांबियातल्या वर्तुळांशी करावी. तीही प्रामुख्याने दफनभूमीशी जोडलेली आहेत, हजारहून अधिक स्मारके गांबिया नदीच्या काठाने पसरलेली आहेत आणि 2006 मध्ये त्यांतल्या चार गटांना जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. पण तिथले लॅटेराइटचे खांब तासलेले असतात, इथले दगड ओबडधोबड.

या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध होता का, हा पुढचा प्रश्न ठरलेला. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज संशोधकांना तो होता असे मनापासून वाटे. युरोपातून किंवा मध्य आशियातून भटकत आलेल्या एखाद्या जमातीने ही स्मारके उभारली, अशी मांडणी तेव्हा जोरात होती. आज ती कोणी गांभीर्याने घेत नाही. मृतांसाठी दगड रचावा हे वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळ्या काळी स्वतंत्रपणे सुचलेले आहे.

ही वर्तुळे किती जुनी आहेत, आणि हे ठरवतात कसे?

ढोबळमानाने इ.स.पू. 1000 ते इ.स.पू. 300. दगडाचे वय मोजून इथे उपयोग नसतो, कारण बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. तो गोलात कधी मांडला हे कळायला मातीतला कोळसा, हाडे, खापरे उपयोगी पडतात. कोळशाची कार्बन-14 पद्धतीने तारीख काढतात. खापरांवरून काळाचा अंदाज बांधतात: आतून आणि काठाकडे काळी, खालून तांबडी अशी भांडी या संस्कृतीची ओळखीची खूण आहे. त्यासोबत अभ्रकाची चमक असलेली तांबडी भांडीही विदर्भात मिळतात. म्हणूनच खणल्याशिवाय कुठल्याही एका वर्तुळाचे वय छातीठोकपणे सांगता येत नाही. सांगणारा भेटलाच तर ऐकून घ्या आणि पुढे चला.

आत काय सापडते?

इथे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. सगळ्यात आधी लोखंड. कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, भाल्यांची पाती, खिळे, पळ्या. कुऱ्हाडीचे पाते दांड्याला आवळण्यासाठी लोखंडी आडव्या पट्ट्या वापरत. अशी पट्टीची कुऱ्हाड ही विदर्भाची खासियत मानली जाते. तांब्याच्या बांगड्या, घंटा, झाकणांची भांडी मिळाली आहेत. नागपूरजवळच्या माहूरझरीतल्या तांब्याच्या एका झाकणावर पक्षी बसवलेला आहे. सोन्याचे दागिनेही मिळालेत, पण थोडे. मणी मात्र भरपूर: अकीक, कार्नेलियन, स्फटिक. माहूरझरी हे तर मणी बनवण्याचे केंद्रच होते.

आणि घोडा. विदर्भातल्या दफनांमध्ये घोड्याची हाडे, लोखंडी लगाम आणि तांब्याची मुखभूषणे इतक्या ठिकाणी मिळाली आहेत की घोड्याशिवाय या लोकांची कल्पनाच करता येत नाही. माहूरझरीत 1970 ते 72 दरम्यान शां. भा. देव यांनी उत्खनन केले, तेव्हा घोड्याच्या तोंडावर चढवायचा तांब्याचा साज मिळाला. हिंगण्याजवळच्या रायपूर इथे गो. बं. देगलूरकर आणि गौरी लाड यांनी केलेल्या उत्खननातही घोडा आहेच. धन्याबरोबर त्याचा घोडा बळी देत असावेत, असा अर्थ बरेच अभ्यासक लावतात.

प्रत्येक वर्तुळाखाली माणूस पुरलेला असतो का?

अखंड सांगाडा मिळेल या अपेक्षेने कोणी खणले तर बहुतेक वेळा हाडांचे तुकडेच हाती येतात. बऱ्याचदा देह आधी दुसरीकडे ठेवून, मग त्यातली निवडक हाडे वर्तुळात आणत. एकाच वर्तुळात एकाहून अधिक माणसांची हाडेही मिळतात, तर काहींत हाडेच नाहीत, फक्त वस्तू आहेत. परदेशी मेलेल्याचे किंवा देहच न सापडलेल्याचे ते स्मारक असेल का? शक्य आहे. मला स्वतःला ही रिकामी वर्तुळे भरलेल्यांपेक्षा जास्त बोलकी वाटतात.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. एवढा दगड ओढून आणणे, माती वाहणे हे सगळ्यांच्याच वाट्याला आले नसणार. वर्तुळांची संख्या आणि सहाशे-सातशे वर्षांचा काळ यांचा हिशेब मांडला तर गावातल्या थोड्याच लोकांना असे स्मारक मिळत असावे. बाकीच्यांचे काय केले, त्याचा माग फारसा लागत नाही.

हे लोक राहत कुठे?

बराच काळ दफने सापडत होती आणि वस्त्या सापडत नव्हत्या, त्यामुळे हे लोक भटके पशुपालक असावेत असे समजले जाई. टाकळघाट-खापा, नायकुंड, भागीमोहारी या ठिकाणांनी ते चित्र बदलले. टाकळघाटला वस्ती आणि खाप्याला वर्तुळे, अशी जोडी 1968-69 च्या उत्खननात समोर आली. पेंच नदीकाठच्या नायकुंडला देव आणि अ. प्र. जामखेडकर यांना लोखंड गाळायची भट्टी सापडली. मातीच्या वक्र विटा, हवा फुंकायच्या नळ्या आणि लोहमळीसकट. भागीमोहारीत धान्याचे जळके दाणे मिळाले. गहू, जव, तांदूळ, कडधान्ये. म्हणजे हे शेतकरी होते, लोहार होते, गुरे राखत होते, आणि घोड्यावर बसणारा त्यांचा एक वर्ग होता.

तुम्ही वर्तुळे पाहायला जाल तेव्हा जवळच्या नदी-नाल्याकडेही नजर टाका. वस्ती बहुधा तिथेच पाण्याकाठी सुपीक जमिनीवर, आणि वर्तुळे वरच्या मुरमाड माळावर. पिकाची जमीन मेलेल्यांसाठी अडवायची नाही, हा व्यवहार तेव्हाही होता.

काही दगडांवर वाटीसारखे खळगे दिसतात. ते नक्षत्रांचे नकाशे आहेत का?

हे खळगे नैसर्गिक नाहीत, माणसानेच घासून-ठोकून केलेले आहेत. नागपूरजवळच्या जुनापाणीला ते सर्वाधिक स्पष्ट दिसतात: कुठे एका रांगेत, कुठे दोन समांतर रांगांत. रिव्हेट-कारनॅक या अधिकाऱ्याने 1879 मध्ये त्यांची नोंद केली आणि स्कॉटलंड-इंग्लंडमधल्या तशाच खळग्यांशी त्यांचे साम्य दाखवले.

अलीकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मयंक वाहिया आणि सहकाऱ्यांनी जुनापाणीतल्या खळग्यांच्या दिशा मोजून त्यांचा आकाशाशी संबंध तपासला. काम नेटके आहे, पण ज्या वर्तुळांवर खळगे आहेत त्यांची संख्या मुळात थोडी. त्यावरून ‘प्राचीन वेधशाळा’ असा मथळा देणे म्हणजे घाई झाली. तेलंगणातल्या मुडुमल इथे एका दगडावरचे खळगे सप्तर्षींच्या आकारात आहेत असे मानले जाते. ते ठिकाण 2025 मध्ये जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आले. तिथला दावा तपासायला सोपा आहे, कारण सप्तर्षींचा आकार आपल्याला आधीच माहीत असतो. पण तेवढ्यानेच सावधही व्हायला हवे: सात ठिपक्यांत माणसाला सप्तर्षी फार पटकन दिसतात.

पहिल्यांदाच जायचे तर कुठे जावे?

जुनापाणी. नागपूरहून काटोल रस्त्याने तासाभरात पोचता येते, सुमारे तीनशे वर्तुळे एकाच परिसरात आहेत, स्थळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि खळगेही इथेच पाहायला मिळतात. नजर तयार व्हायला एवढे पुरे. त्याच बाजूला माहूरझरी. नंतर हिंगणा, पारशिवनी, बुटीबोरीकडची ठिकाणे.

थोडे वेगळे हवे असेल तर चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर तालुक्यातले हिरापूर. तिथे वर्तुळांऐवजी डोलमेन आहेत: उभ्या शिळांवर आडवी शिळा टाकून केलेल्या दगडी खोल्या. एका दिवसात जुनापाणी आणि हिरापूर दोन्ही उरकायचा बेत करू नका.

कोणता हंगाम चांगला?

डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत गवत कमरेएवढे असते, दगड दिसत नाहीत आणि साप दिसत नाहीत. एप्रिल-मे मध्ये माती उघडी पडते खरी, पण पंचेचाळीस अंशांत बिनसावलीच्या माळावर फिरणे हा शहाणपणा नव्हे.

वेळ मात्र ऋतूपेक्षाही महत्त्वाची. सकाळी आठच्या आत किंवा दुपारी चारनंतर. तिरप्या उन्हात जमिनीचा वीतभर उंचवटाही सावली टाकतो आणि वर्तुळाचा फुगवटा उठून दिसतो. भर दुपारी तीच जागा सपाट दिसते.

जमिनीवर वर्तुळ ओळखायचे कसे?

दगड शोधू नका, फुगवटा शोधा. वर्तुळाचा मधला भाग आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किंचित उंच असतो आणि तिथे सारख्या आकाराचे गोटे दाटलेले असतात. मग कडेला पाहा. एखादा मोठा दगड मिळाला की त्याच्यापासून दोन्ही बाजूंना वाकत जाणारी ओळ दिसते का ते पाहायचे. अर्धे दगड कधीचेच नेलेले असतात, त्यामुळे पूर्ण गोल क्वचित मिळतो. तीन-चार दगडांची कमान आणि मध्ये गोट्यांचा उंचवटा एवढ्यावरही ओळख पटते. तिसरी खूण म्हणजे शेजार. वर्तुळे गटाने असतात. एक सापडले की जागेवरून न हलता सगळीकडे पाहून घ्या, दुसरे पन्नास पावलांच्या आत असण्याची शक्यता दांडगी.

फसवणाऱ्या गोष्टीही बऱ्याच. वावरातून वेचून धुऱ्यावर टाकलेल्या दगडांचे ढीग लांबट असतात आणि त्यात बारीक-मोठे सगळे मिसळलेले असते. जुन्या खळ्याच्या मध्यभागी जमीन चोपून सपाट केलेली असते, फुगवटा नसतो. मेंढरांच्या वाड्याचे दगड एकावर एक रचलेले असतात. बेसाल्ट कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटतो आणि गोल गोल दगड नैसर्गिकरीत्या उघडे पडतात. नवख्या माणसाची सर्वाधिक फसगत इथेच होते. रिठी, म्हणजे उजाड झालेल्या, गावांच्या जोत्यांना कोपरे असतात. वीरगळ आणि सतीशिळा यांच्यावर कोरीवकाम असते आणि त्यांचा काळ वर्तुळांच्या हजार-दीड हजार वर्षे नंतरचा आहे.

उपग्रहचित्रांत दिसतात का?

मोठी आणि उघड्या माळावरची दिसतात, उन्हाळ्यातली चित्रे निवडली तर जास्तच. एकाच जागेची वेगवेगळ्या वर्षांची चित्रे लावून पाहा. एखादे वर्ष येते आणि त्यानंतर वर्तुळांच्या जागी ले-आऊटचे रस्ते असतात.

परवानगी लागते का?

संरक्षित स्थळी पाहायला जाण्यासाठी सहसा लागत नाही. खणायला, मोठे चित्रीकरण करायला, ड्रोन उडवायला लागते. पण बहुसंख्य वर्तुळे संरक्षित नाहीत. ती कोणाच्या तरी वावरात, गायरानात किंवा वनजमिनीवर आहेत. वावर असेल तर मालकाला विचारूनच आत जा. पीक उभे असेल तर जाऊच नका. वनक्षेत्र असेल तर वनविभागाला विचारा. पेंचच्या बाजूला हा नुसता कागदोपत्री सोपस्कार नसतो, तिथे वाघ आहे.

गावात आधी चहाच्या टपरीवर बसून बोलणे नकाशापेक्षा उपयोगाचे ठरते. ‘शिळावर्तुळ कुठे आहे’ असे विचारून उत्तर मिळत नाही. ‘माळावर गोलात मांडलेले जुने दगड आहेत का’ असे विचारा. कुणी ते गवळ्यांचे सांगेल, कुणी पांडवांचे. ही सवय फक्त इथलीच आहे असेही नाही: 1823 साली बॅबिंग्टनने मलबारमधल्या महापाषाण स्मारकांविषयी लिहिले, तेव्हा तिथले लोकही ती पांडवांचीच सांगत होते.

सोबत काय न्यावे?

पाणी, टोपी, घोट्यापर्यंतचे बूट, मोजपट्टी, होकायंत्र, वही. कुसळी गवत मोज्यांत शिरते, तेव्हा पँट जाड हवी. कुदळ-खुरपे काहीही नको. गाडीत असले तरी माळावर आणू नका. गावकऱ्यांना तुम्ही कशाला आलात हे त्यावरूनच कळते, निदान त्यांना तसे वाटते.

दगडाला हात लावला, त्यावर बसलो तर चालेल?

हात लावायला हरकत नाही. बसण्या-चढण्यापेक्षा बाजूला बसा, कारण सैल झालेला दगड कलंडतो. खळगे फोटोत उठून दिसावेत म्हणून खडू फासणे, हळद भरणे, तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडणे हे प्रकार मात्र बंद. संध्याकाळी बाजूने टॉर्चचा झोत टाकला की खळगे कोणत्याही खडूपेक्षा सरस दिसतात.

खापर किंवा मणी जमिनीवरच पडलेला दिसला. उचलू का?

नाही. याचे कारण कायद्याच्या आधी समजून घ्यायला हवे.

कार्नेलियनचा एक मणी पेटीत ठेवला तर तो फक्त सुंदर आहे. तोच मणी वर्तुळाच्या आत, गोट्यांच्या थराखाली, मनगटाच्या हाडाशेजारी असेल तर तो कोणाच्या तरी हातातला होता. वर्तुळाबाहेर, मणी घडवताना उडालेल्या ढलप्यांसोबत असेल तर तिथे कारागीर बसत होता. नांगराने वर आलेला असेल तर खालचे दफन फुटले आहे, ही धोक्याची सूचना. मणी तोच, पण त्याने काय सांगायचे हे तो कुठे होता यावर ठरते. तुम्ही तो खिशात टाकलात की पुढच्या अभ्यासकासाठी ते सांगणे संपले, मग तो तुम्ही कितीही जपून ठेवा. दगड हलवण्याचेही तसेच. खळगे असलेला दगड कोणत्या दिशेला होता हाच तर त्याबद्दलचा मुख्य प्रश्न आहे, आणि तो दगड कुणीतरी बागेत शोभेसाठी आणून ठेवला की प्रश्नच बाद.

तेव्हा जागेवरच फोटो घ्या. शेजारी पेन किंवा पट्टी ठेवा, उत्तर कुठे ते टिपा, दूरचा एक फोटो घ्या म्हणजे वर्तुळातली जागा कळेल. वस्तू तिथेच राहू द्या.

आता कायदा. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंची खरेदी-विक्री आणि निर्यात यांवर 1972 च्या कायद्याने बंधने आहेत. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आणि जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून जास्त किमतीचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे 1878 च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. दहा रुपये तेव्हाचे, पण आकडा अजून तोच.

पण आत गुप्तधन असते म्हणतात...

म्हणतात, आणि त्या म्हणण्यापायी कित्येक वर्तुळांच्या मध्यभागी आज खड्डा आहे. विधिपूर्वक केलेल्या उत्खननांतून जे मिळाले त्यात गंजके लोखंड आणि फुटकी मडकी यांचाच भरणा आहे. सोने मिळाले ते वजनाने इतके किरकोळ की मजुरीही सुटणार नाही. नाण्यांचा हंडा तर अशक्यच. या लोकांच्या बहुतेक काळात इथे नाणीच नव्हती. अमावास्या, लिंबू, मांत्रिक वगैरे सांगत कोणी सोबत यायला सांगत असेल तर पोलीस ठाणे गाठा.

पहिल्यांदा ही वर्तुळे कोणी खणली?

पहिल्या काहींपैकी एक म्हणजे स्टीफन हिस्लॉप, नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते. मिशनरी होते, पण भूगर्भशास्त्र आणि इथले जुने अवशेष यांचे त्यांना वेड होते. सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटजवळची वर्तुळे पाहून रात्री परतताना पुराच्या नाल्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. पावसाळ्यात जाऊ नका, हे गवतापुरतेच सांगितलेले नव्हते.

त्यांच्यामागून रिव्हेट-कारनॅक आले. स्वातंत्र्यानंतर बा. कृ. थापर यांनी 1961-62 मध्ये जुनापाणीला उत्खनन केले, आणि खरी पद्धतशीर मालिका 1968 पासून देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. विदर्भातल्या या संस्कृतीबद्दल आज जे सांगितले जाते त्यातला मोठा वाटा नागपूर विद्यापीठ आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या त्या कामाचा आहे.

सापडलेल्या वस्तू कुठे पाहता येतील?

नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे अजब बंगला. 1863 मध्ये सुरू झालेले. पुण्यात डेक्कन कॉलेजचे संग्रहालय. जमले तर आधी संग्रहालय पाहा आणि मग माळ. पट्टीची कुऱ्हाड एकदा पाहिलेली असली की उघड्या माळावरच्या दगडांखाली काय असेल याची कल्पना करायला आधार मिळतो. उलट क्रमाने गेलात तर माळ कंटाळवाणा वाटण्याचा संभव आहे, विशेषतः मुलांना.

मुलांना न्यावे का?

जरूर. त्यांना व्याख्यान देऊ नका, मोजायला लावा. व्यास किती पावले, दगड किती, खळगे किती, सगळ्यात मोठा दगड कोणत्या दिशेला. दोन मुलांनी एकाच वर्तुळाचे दगड मोजले तर आकडे जुळत नाहीत, आणि मग कोणता दगड वर्तुळातला आणि कोणता बाहेरचा यावर जो वाद होतो तो पुरातत्त्वाचा पहिला धडा असतो. पाणी दुप्पट न्या.

ही वर्तुळे एवढ्या वेगाने नष्ट का होत आहेत?

कारण ती ज्या जमिनीवर आहेत तीच आता सगळ्यांना हवी आहे. अडीच-तीन हजार वर्षे मुरमाड, नापीक म्हणून पडून राहिलेला माळ हेच त्यांचे संरक्षण होते. आता त्याच माळावर मुरूम खोदतात, गिट्टीच्या खाणी लागतात, शहराकडेला प्लॉट पडतात, ट्रॅक्टरने पडीक जमीन मोडून वहितीखाली आणतात. वर्तुळातले दगड बांधाला, पायाला, रस्त्याला आयते मिळतात.

संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र असते. पण हा नियम एकटे देऊळ किंवा किल्ला डोळ्यांसमोर ठेवून केल्यासारखा आहे. वर्तुळांचे गट किलोमीटरभर विखुरलेले असतात. कुंपण एका गटाला लागते आणि बाकीचे बाहेर राहतात. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या वावरातली दगडांची रास तीन हजार वर्षांपूर्वीची आहे हे त्याला कोणी येऊन सांगितलेलेच नसते, आणि सांगितले तर जमीन जाईल अशी त्याला भीती वाटते.

नवीन ठिकाण सापडल्यासारखे वाटते. काय करू?

आधी नोंद: मोबाइलवरून अक्षांश-रेखांश, गाव, तालुका, गट क्रमांक कळला तर तोही, वर्तुळांची अंदाजे संख्या, दोन-चार व्यास, जवळचे पाणी कुठे, आणि सध्या काय धोका दिसतो. चारही दिशांनी फोटो. मग राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या नागपूर कार्यालयाला, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला किंवा विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास विभागाला लेखी कळवा. लेखी, कारण तोंडी सांगितलेले फाइलवर येत नाही. कदाचित ते ठिकाण आधीच नोंदलेले असेल. तरी आजची स्थिती कळवल्याचा उपयोग होतोच.

समाजमाध्यमांवर फोटो टाकायचा असेल तर टाका, पण असंरक्षित जागेचे नेमके स्थान टाकू नका. गुप्तधनवालेही मोबाइल वापरतात.

विदर्भाबाहेर भारतात आणखी काय पाहण्यासारखे आहे?

कर्नाटकात कोप्पळ जिल्ह्यातले हिरेबेनकल सर्वांत आधी. डोंगरावर सुमारे चारशे स्मारके, त्यात खिडकीसारखे गोल भोक पाडलेले डोलमेन. चढ आहे, पण पाहणाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. केरळात छत्रीच्या आकाराचे दगड आणि मरयूरचे डोलमेन. तामिळनाडूत आदिच्चनल्लूरला मोठ्या मडक्यांत केलेली दफने. झारखंडात हजारीबागजवळ पकरी बरवाडीह, जिथे विषुवदिनी दोन शिळांमधून सूर्योदय पाहायला लोक जमतात. मेघालयात नारतियांगचे उंच शिलास्तंभ.

आजही कोणी असे दगड उभारते का?

हो. गडचिरोली-बस्तर भागात माडिया गोंड समाजात मृताच्या स्मरणार्थ दगड किंवा लाकडी खांब उभारण्याची प्रथा आहे. झारखंडात मुंडा समाजाच्या कुळांची शिळांखालची दफनस्थाने आहेत, मेघालयात खासी लोकांच्या स्मरणशिळा. यावरून थेट ‘हेच त्या लोहयुगीन लोकांचे वंशज’ असे म्हणता येत नाही; मधला दोन हजार वर्षांचा पुरावा जोडलेला नाही. पण दगड आणायला किती माणसे लागतात, जेवण कोण घालतो, कोणाच्या नावाने दगड उभा राहतो, हे विचारायला जिवंत माणसे आहेत ही पुरातत्त्वाच्या दृष्टीने मोठीच गोष्ट.

अशा ठिकाणी गेलात तर ते पर्यटनस्थळ नसून कोणाच्या तरी आजोबांची जागा आहे. फोटो विचारून काढा, आणि नाही म्हटले तर कॅमेरा पिशवीत ठेवा.

रात्री तिथेच तंबू टाकून राहता येईल का?

संरक्षित स्थळी नाही. इतरत्र मालक हो म्हणाला तरी वर्तुळांपासून लांब टाका. तंबूचे खुंटे ठोकायला आणि चूल मांडायला दगड जवळ हवेत म्हणून लोक वर्तुळातलेच उचलतात. शिवाय तुमच्या चुलीचा कोळसा मातीत मिसळला तर उद्या कार्बन-14 ची तारीख काढणाऱ्याची पंचाईत होते.